स्वयंपाकघराची कपाटे सोडवताना

वार्षिक परीक्षांचे निकाल लागले, की नाशिकच्या रस्त्यांवर सामानाने भरलेले टेम्पो दिसू लागतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून कोणाची बदली झालेली असते, कोणी सिडकोतले भाड्याचे घर सोडून स्वतःच्या सदनिकेत राहायला निघालेले असते. गाद्या, पंखे, सायकल, तुळशीची कुंडी असे सारे टेम्पोवर चढते. त्यातच अलीकडे सुतळीने बांधलेल्या गुळगुळीत फळ्यांचे गठ्ठे दिसतात. हे गठ्ठे म्हणजे कालपर्यंत भिंतीवर टांगलेले स्वयंपाकघर होय.

जुन्या नाशकात हा प्रश्नच नव्हता. गोदाकाठच्या वाड्यांच्या भिंती चांगल्या जाड असत आणि त्या जाडीतच कोनाडे व फडताळे काढलेली असत. बिऱ्हाड हलले की भांडीकुंडी जात, फडताळ भिंतीबरोबर मागे राही. पुढे पत्र्याची मांडणी आली. ती चार खिळ्यांवरून उचलली की निघाली. आजचे कपाट या दोहोंहून निराळे आहे. ते भिंतीचा भाग नाही आणि एकसंध वस्तूही नाही. पाच-सहा फळ्या एकमेकींना धरून उभ्या आहेत, इतकेच. त्यातली एक सैल केली, की बाकीच्यांवरचा भार बदलतो. तो कसा बदलतो हे आधी कळले, तर काम सुखरूप होते. न कळले, तर फळी डोक्यावर येते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. हा लेख वाचून एकट्याने स्क्रू-ड्रायव्हर हाती घेऊ नका. कपाटे उतरवणे हे मोठ्या माणसांचे किंवा सुताराचे काम आहे. मात्र काय कशावर टेकले आहे हे ओळखण्याचे काम तुम्हाला उत्तम जमेल. घाईत असलेली मोठी माणसे नेमके तेच करायचे विसरतात.

ओट्यापासून सुरुवात

आपल्याकडच्या बहुतेक घरांत ओटा असा असतो: खाली कडाप्प्याचे उभे टेकू, त्यांवर आडवी फरशी आणि वर ग्रॅनाइट. टेकूंच्या मधल्या जागेत ट्रॉल्या किंवा कपाटे बसवलेली असतात. अशा ओट्याखालचे कपाट काढले तरी ओट्याला धक्का पोचत नाही. परंतु काही नव्या घरांत उभे टेकू नसतात. ग्रॅनाइट थेट कपाटांच्या पेट्यांवरच ठेवलेले असते. बाहेरून पाहता दोन्ही ओटे अगदी सारखे दिसतात. म्हणून दार उघडून, बॅटरी घेऊन आत पाहा. दगडाचा टेकू जमिनीपर्यंत गेला आहे का?

नसेल, तर वरच्या दगडाचे वजन काढून पाहू. ओटा २.४ मीटर लांब, ०.६ मीटर रुंद आणि दगड १८ मिलिमीटर जाड असेल, तर त्याचे घनफळ सुमारे ०.०२६ घनमीटर होते. ग्रॅनाइटची घनता दर घनमीटरला सुमारे २७०० किलोग्रॅम. म्हणजे दगड ७० किलोग्रॅमचा झाला, एका मोठ्या माणसाएवढा. त्याच्याखालची पेटी ओढली, तर तो कोठे जाणार हे सांगायला नको.

असा दगड आधी काढावा लागतो आणि ते काम दगडाच्या कारागिरांचे आहे. ते दगड कसा नेतात ते मात्र जरूर पाहा. ते तो आडवा धरत नाहीत, नेहमी कडेवर उभा धरून नेतात. दगडाला दाब सोसतो, पण ताण सोसत नाही. आडव्या धरलेल्या दगडाचा मध्यभाग स्वतःच्या वजनाने किंचित खाली वाकतो, खालची बाजू ताणली जाते आणि तिथून भेग सुरू होते. वाकण्याला विरोध करण्याची ताकद उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात आणि रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढते. आडव्या दगडाची उंची १८ आणि रुंदी ६०० मिलिमीटर, उभ्या दगडाची उंची ६०० आणि रुंदी १८. हिशेब केलात तर उभा दगड आडव्यापेक्षा ३३ पटींनी बळकट निघेल. तरीही सिंकसाठी कापलेल्या भोकाच्या दोन्ही अंगांना दगडाची जी अरुंद पट्टी उरते, ती दगा देतेच. तिला फळीचा आधार बांधतात तो यासाठी.

गॅस, वीज आणि पाणी

कोणत्याही स्क्रूला हात लावण्यापूर्वी या तिघांना निरोप द्यायचा. सिलिंडर बहुधा ओट्याखालच्या कपाटातच असतो. तो आपल्या नाकापासून दूर आणि जमिनीच्या अगदी जवळ आहे, आणि गॅसलाही नेमकी तीच जागा आवडते. घरगुती सिलिंडरमधला वायू प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो. तो हवेपेक्षा दीड ते दोन पट जड आहे. गळती झाली तर तो वर न जाता पाण्यासारखा खाली साचतो आणि कपाटाची पेटी म्हणजे त्याला आयतेच भांडे. म्हणून मोठ्यांनी रेग्युलेटर बंद करून काढावा, सिलिंडरवर टोपी बसवावी आणि तो घरातून हलवावा. पाइपचा गॅस असेल तर गॅस कंपनीच्या माणसाला बोलवावे, स्वतः नळीला हात लावू नये. गॅसचा वास आला तर दारे-खिडक्या उघडा, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवा. बटण दाबताना उडणारी बारीकशी ठिणगी अशा वेळी पुरते.

धूर ओढणारी चिमणी आणि पाणी शुद्ध करणारे यंत्र यांच्या तारा पुष्कळदा कपाटाच्या पाठीमागून गेलेल्या असतात. मुख्य फळ्यावरून वीज बंद करूनच पुढे जावे. सिंकखालचा कोपऱ्याचा नळही बंद करावा आणि नळीतले उरलेसुरले पाणी धरायला बादली ठेवावी. हे पाणी फळीवर सांडले तर काय होते ते पुढे येईलच.

भिंतीवरचे कपाट

आता वरच्या कपाटाकडे वळू. ६० सेंटिमीटर रुंद, ७२ उंच आणि ३० खोल असे कपाट घ्या. दोन बाजू, वरची व खालची फळी, मधला एक कप्पा आणि दार मिळून सुमारे १.३७ चौरस मीटर फळी लागते. फळी १८ मिलिमीटर जाड आणि तिची घनता दर घनमीटरला ६८० किलोग्रॅम धरली, तर रिकाम्या कपाटाचे वजन १७ किलोग्रॅमच्या जवळपास येते. दार आणि कप्पा आधी काढून ठेवले, तर तेच वजन साडेनऊ किलोग्रॅमवर उतरते. डोक्याच्या वर हात करून १७ किलोग्रॅम पेलणे आणि साडेनऊ पेलणे यांत किती फरक आहे, हे पाण्याच्या बादल्या उचलून कोणालाही कळेल.

दार काढतानाही क्रम असतो. दोन बिजागऱ्या असतील तर खालची आधी सोडवावी, वरची शेवटी. दाराचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून दूर, दाराच्या मध्यावर असतो. त्यामुळे दार सतत बाहेर कलंडू पाहते. वरची बिजागरी त्याला आत ओढून धरते, खालची केवळ टेकू देते. ओढून धरणारी आधी सोडली, तर सगळे दार खालच्या बिजागरीभोवती फिरते आणि तिचे स्क्रू फळीसकट उखडते. खालची आधी सोडली आणि दुसऱ्या माणसाने दार खालून धरून ठेवले, तर काहीच होत नाही. खालच्या ट्रॉलीचे तसेच आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या सरकपट्ट्यांत बहुधा एकेक काळी प्लास्टिकची जीभ असते. एका बाजूची वर आणि दुसऱ्या बाजूची खाली दाबली की ट्रॉली अलगद बाहेर येते. ही जीभ न पाहता हिसका देणारे लोक पुष्कळ आहेत. ट्रॉलीवाल्यांची दुकाने त्यांच्यावरही चालत असावीत!

आता पेटी. ती भिंतीवर वरच्या बाजूच्या दोन आकड्यांवर किंवा स्क्रूंवर टांगलेली असते. एक स्क्रू काढला, की साराच भार दुसऱ्यावर जातो आणि पेटी तिरकी होऊन फिरू लागते. म्हणून स्क्रू काढण्यापूर्वीच पेटीखाली टेकू हवा. ओट्यावर उलटा ठेवलेला भक्कम खोका आणि त्यावर उंचीपुरती लाकडे, असे चालेल. पेटीचे वजन टेकूवर आले आहे याची खूण म्हणजे स्क्रू हलका फिरू लागतो. स्क्रू अजून जड फिरत असेल, तर बहुधा वजन त्याच्यावरच आहे. अशा वेळी जोर वाढवू नये, टेकू वाढवावा. एकाने धरायचे आणि दुसऱ्याने सोडवायचे. खाली तिसरे कोणीही उभे राहायचे नाही.

आगपेटीचा प्रयोग

पेटी खाली आली, की सगळ्यांना हुश्श होते. खरी मोडतोड होते ती यानंतर. आगपेटीचा आतला खण काढून टाका आणि बाहेरचे आवरण हातात घ्या. ते दोन्ही बाजूंनी उघडे आहे. एका कडेवर बोटाने दाबा. ते तिरके होऊन सपाट होईल. आता एका तोंडावर जाड कागदाचा तुकडा डिंकाने चिकटवा, वाळू द्या आणि पुन्हा दाबा. आवरण हटून बसेल.

कपाटाच्या पाठीला लावलेली तीन-चार मिलिमीटरची क्षुल्लक दिसणारी फळी हेच काम करते. चार बाजूंची चौकट चारही कोपऱ्यांत फिरू शकते, तीन बाजूंची फिरू शकत नाही. पाठीची फळी चौकोनाचे कर्ण बदलू देत नाही, म्हणजे चौकोनाचे जणू दोन त्रिकोण करून ठेवते. ती काढली, की उभी पेटी बाजूला झुकते आणि तिचे सगळे वजन कोपऱ्यांतल्या स्क्रूंवर तरफेसारखे काम करते. यासाठी पेटी आधी जमिनीवर चादर घालून दर्शनी बाजूवर पालथी ठेवायची आणि मगच पाठ काढायची. पाठ काढल्यावर पेटी पुन्हा उभी करायची नाही.

कोपऱ्यांत काय आहे ते आता पाहा. रुपयाच्या नाण्याहून लहान, पंधरा मिलिमीटर व्यासाच्या धातूच्या चकत्या दिसल्या, तर कपाट सोडवण्यासाठीच बनवलेले आहे. पुष्कळदा त्यांवर प्लास्टिकची टोपी असते. ही चकती उत्केंद्री असते, म्हणजे तिच्या आतल्या खाचेचे केंद्रापासूनचे अंतर एकसारखे नसते. तिला उजवीकडे फिरवले, की ती शेजारच्या फळीतून आलेल्या खिळीचे डोके हळूहळू आत ओढते. गुंडाळून ठेवलेला उतारच तो. सोडवण्यासाठी चकती डावीकडे सुमारे अर्धा फेरा फिरवायची. तिच्यावरचा बाण खिळीच्या दिशेला आला, की डोके मोकळे होते. मग फळी खिळीच्या दिशेत सरळ ओढायची, वाकवायची नाही. अडली तर सांध्याजवळ लाकडाचा ठोकळा धरून त्यावर हलकेच ठोकावे. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक फटीत घालून उचकटू नये. टोकाचे क्षेत्रफळ जेमतेम काही चौरस मिलिमीटर असते. तेवढ्या जागेवर हाताचे सारे बल एकवटले, की दाब इतका वाढतो की फळीचा पापुद्रा निघतो.

चकत्या नसतील, तर सांध्यात गोंद आणि खिळे असण्याचा संभव मोठा. नाशिकमधली कित्येक स्वयंपाकघरे सुतारांनी जागेवरच बसून केलेली आहेत. ती सोडवायची नसतात. अशी पेटी अख्खीच न्यावी. ती सुटी करण्याचा हट्ट म्हणजे ती मोडण्याचा हट्ट आहे.

सोडण्यासाठीच केलेले सांधे

सुट्या भागांचे सामान ही अगदी आजची कल्पना नव्हे. व्हिएन्नात मिखाएल थोनेट याने १८५९ मध्ये वाफेने वाकवलेल्या लाकडाची १४ क्रमांकाची खुर्ची काढली. तिचे सहा लाकडी भाग दहा स्क्रूंनी आणि दोन नटांनी जोडले जात. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. आपल्या शेजारी देवळालीला इंग्रजी फौजांची ये-जा करणारी छावणी होती. अशा छावण्यांतून फिरणाऱ्या अधिकाऱ्यांचे सामानही सुटे होणारे असे. रुरकी येथील लष्करी अभियंत्यांच्या ठाण्यावरून नाव पडलेली रुरकी खुर्ची त्यातलीच. तिच्यात ना गोंद, ना स्क्रू. निमुळती टोके निमुळत्या भोकांत बसवायची आणि वर कॅनव्हास ताणायचा. माणूस बसला की त्याच्याच वजनाने सांधे घट्ट होतात आणि जमीन खडबडीत असली तरी चारही पाय टेकतात. पुढे स्वीडनमध्ये १९५६ च्या सुमारास गिलिस लुंडग्रेन याने मोटारीत मावेना म्हणून टेबलाचे पाय काढले, आणि सपाट खोक्यातून विकल्या जाणाऱ्या फर्निचरचा धंदा त्यानंतर वाढला, असे सांगतात.

थोनेटची खुर्ची आणि आपले कपाट यांत एक महत्त्वाचा फरक आहे. थोनेटचे लाकूड अस्सल बीचचे होते. आपली फळी बहुधा लाकडाचा भुगा आणि कपच्या यूरिया-फॉर्माल्डिहाइड या रेझिनमध्ये कालवून, तापवून आणि दाबून केलेली असते. फळीच्या पृष्ठाशी बारीक कण घट्ट बसलेले असतात, गाभ्यात जाड कपच्या पोकळ बसतात. आणि स्क्रू तर कडेतून नेमका याच गाभ्यात शिरतो. लाकडाचे लांब तंतू स्क्रूच्या आट्यांना धरून ठेवतात, तसे येथे धरायला कोणी नाही.

त्यात स्क्रू हे फार ताकदवान यंत्र. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीचा व्यास ३ सेंटिमीटर असेल, तर एका फेऱ्यात हात सुमारे ९४ मिलिमीटर फिरतो आणि स्क्रू जेमतेम २ मिलिमीटर पुढे जातो. घर्षण नसते, तर बल ४७ पट झाले असते. घर्षणात बरेचसे खर्ची पडते, तरी उरलेले भुग्याचे आटे खरवडून काढायला पुरेसे असते. विजेच्या स्क्रू-ड्रायव्हरने तर हे डोळ्यांदेखत होते. त्याची पकड सर्वात कमी ठेवावी आणि शेवटचे दोन फेरे हातानेच द्यावेत.

कपडे धुण्याच्या साबणाची नवी, फार न सुकलेली वडी घ्या आणि तिच्यात एक स्क्रू फिरवून बसवा. काढा. आता तोच स्क्रू भोकावर ठेवून आधी डावीकडे, म्हणजे उलटा, हलकेच फिरवा. एका क्षणी तो किंचित खाली टपकल्यासारखा वाटेल. तेथून उजवीकडे फिरवा. तो जुन्या आट्यांतूनच विनासायास आत जाईल. दुसऱ्या भोकात तो न टपकता भलत्याच ठिकाणाहून दाबून फिरवा, म्हणजे तो जुने आटे कापून नवे पाडील. दोन-तीनदा असे केले, की तो बोटाने ओढला तरी निघेल. कपाट नव्या घरी जोडताना प्रत्येक स्क्रू असा उलटा फिरवून त्याची वाट शोधावी. भोक आधीच सैल झाले असेल, तर त्यात सुताराचा पांढरा गोंद आणि दोन-तीन आगकाड्यांची गूल काढलेली लाकडे घालून वाळू द्यावे. मग त्यात स्क्रू पुन्हा धरतो.

फॉर्माल्डिहाइडचे नाव आले म्हणून एक सूचना. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत घातले. नुसते स्क्रू काढताना काळजीचे कारण नाही. पण फळी करवतीने कापायची वेळ आली, तर ती घराबाहेर, नाकावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच कापावी.

पाऊस आणि नवी भिंत

सामान हलवण्याचा हंगाम मे-जूनचा आणि नाशिकचा पाऊसही जूनमध्येच येतो. दाबून बसवलेल्या लाकडाच्या कपच्या पाणी मिळताच फुगतात, गोंदाची पकड सोडतात आणि पुन्हा वाळल्या तरी पूर्वीच्या जाडीवर येत नाहीत. गोदावरीच्या २००८ आणि २०१६ च्या पुरांत काठच्या घरांतून आणि दुकानांतून पाणी शिरले होते. अशा पाण्यातून जुने सागवान पुष्कळदा वाळवून पुन्हा वापरता येते, भुग्याची फळी येत नाही. भारतीय मानक ७१० चे प्लायवुड मात्र ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासलेले असते. तुमच्या फळीची कड पाहा. पापुद्र्यांचे थर दिसले तर प्लायवुड, राजगिऱ्याच्या वडीसारखे कण दिसले तर भुगा. दुसऱ्या प्रकारच्या फळीच्या कडा प्लास्टिकने गुंडाळल्याशिवाय ती टेम्पोत चढवू नये. गुंडाळण्यापूर्वी प्रत्येक फळीवर चिकटपट्टी लावून पेन्सिलीने खूण करा: ‘क-डावी’, ‘क-उजवी’, ‘क-वर’. एका कपाटाचे स्क्रू एका पिशवीत ठेवा आणि पिशवी त्याच कपाटाच्या फळीला बांधा. जुन्या लाकडी इमारतींच्या सांध्यांवर जगभरच्या सुतारांनी पटाशीने कोरलेल्या अशाच खुणा आजही सापडतात.

नव्या घरात भिंत कसली आहे ते टांगण्यापूर्वी विचारा. पुष्कळ नव्या इमारतींच्या भिंती हलक्या ठोकळ्यांच्या असतात. हे ठोकळे बहुधा औष्णिक वीजकेंद्रांतून निघणारी राख, चुना व सिमेंट यांच्या लगद्यात ॲल्युमिनियमची पूड घालून करतात. नाशिकजवळ एकलहऱ्याचे वीजकेंद्र आहे, तेथेही अशी राख निघते. पूड आणि चुना यांच्या क्रियेने हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि लगदा ढोकळ्यासारखा फुगतो. अशा ठोकळ्याची घनता नेहमीच्या विटेच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. जुन्या घरातल्या विटेत घट्ट बसलेली आखूड प्लास्टिकची गिट्टी या ठोकळ्यात फिरत राहते आणि भरलेले कपाट काही दिवसांनी सगळ्या डब्यांसह खाली येते. येथे अशा ठोकळ्यांसाठीच बनवलेल्या लांब गिट्ट्या लागतात. भोकही नुसत्या फिरणाऱ्या ड्रिलने पाडावे लागते, ठोके देणाऱ्या नव्हे.

भोके भरायला वापरलेला गोंद पुरता वाळायला एक दिवस लागतो. तोवर डबे जमिनीवरच राहू द्यावेत.